मोहाची भट्टी आणि हुक नॉर्टनची ब्रुअरी

मद्य जेथे तयार होते ती जागा तिकीट काढून पाहावी, आणि परतताना चार गोष्टी नव्याने कळल्याचे समाधान सोबत आणावे, ही कल्पना मराठी वाचकाला अजूनही काहीशी चमत्कारिक वाटते. इंग्लंडच्या ग्रामीण भागात मात्र ती चांगली रुळली आहे. ऑक्सफर्डशरमधील हुक नॉर्टन या खेड्यातील ब्रुअरी हे तिचे एक ठळक उदाहरण. १८४९ साली सुरू झालेल्या या ब्रुअरीची मनोऱ्यासारखी इमारत १९०० च्या सुमारास उभी राहिली. पाणी आणि धान्य वरच्या मजल्यांवर चढवायचे, आणि मग रस गुरुत्वाकर्षणाच्या बळावर मजल्यामजल्याने खाली उतरवीत पिंपापर्यंत आणायचा, अशी तिची रचना. जिने चढणारा-उतरणारा प्रवासी एका परीने बिअरच्याच वाटेने चालत असतो. शेवटी त्याच्या हाती पेला येतो; पण तोवर त्याला जव, पाणी, वाफेचे इंजिन आणि गाव यांची एक सलग कथा ऐकवलेली असते.

ही कथा त्या समाजाने जाणीवपूर्वक जपली आहे. कारखानी बिअरच्या लोंढ्यात पारंपरिक एल नाहीशी होऊ नये म्हणून १९७१ मध्ये तेथे ग्राहकांची चळवळच उभी राहिली. साहित्याचाही या जपणुकीत वाटा आहे. टॉमस हार्डीने ‘द ट्रम्पेट-मेजर’ (१८८०) या कादंबरीत कॅस्टरब्रिजच्या कडक बिअरचे रसाळ वर्णन केले. १९६८ मध्ये, त्याच्या निधनाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, डॉर्चेस्टरच्या ब्रुअरीने त्याच्या नावाची एल काढली. याच हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ची (१८८६) सुरुवात मात्र दारूच्या नशेत बायको विकणाऱ्या माणसापासून होते. म्हणजे पेल्याची चव आणि पेल्याचा विनाश, दोन्ही एकाच लेखकाच्या जगात नांदतात.

मराठीत आपण वर्गात शिकवतो तो मुख्यतः दुसरा अर्धा भाग. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि मद्य म्हणजे सुधाकराचा अधःपात हे समीकरण पक्के झाले. ते समीकरण खोटे नाही. पण त्यामुळे आपल्या वाङ्मयाचा एक जुना धागा नजरेआड झाला आहे. ‘गाथासप्तशती’तील एका गाथेत गोदावरीकाठच्या मोहाला, आपली फुले सावकाश गाळ, अशी विनवणी केलेली आहे, कारण फुले वेचणे हेच प्रियकराला भेटण्याचे निमित्त, आणि फुले संपली की निमित्तही संपले. महाराष्ट्री प्राकृताच्या या संग्रहात मोह हे कलंकाचे झाड नाही. ते ओळखीचे, विश्वासातले झाड आहे.

आम्ही नांदगाव खंडेश्वरचे. आमच्या शिवारात कापूस आणि सोयाबीन. मोहाचे रान पाहायचे तर याच जिल्ह्याच्या उत्तरेला, मेळघाटात जावे लागते. तेथे चैत्राच्या सुमारास मोहफुले गळतात. बायका-मुले पहाटे ती वेचतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेले फूल टंचाईच्या दिवसांत अन्न असते, बियांचे तेल निघते. फुले भिजवून, आंबवून, मातीच्या मडक्यातली वाफ गार करून जे थेंब जमतात ते मद्य या फुलाचा केवळ एक उपयोग; देवाला, पितरांना आणि सोयऱ्यांना दिला जाणारा. या कृतीतही हुक नॉर्टनइतकेच कौशल्य आहे. मनोरा मात्र नाही, आणि पाहुण्याला दाखवता येईल असे स्थळही नाही.

का नाही, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात मद्य गाळणे आणि विकणे सरकारी परवान्याच्या मुठीत आले. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाबा भागांत खुद्द फुलांच्या साठवणीवर आणि व्यापारावर निर्बंध आले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली असले तरी मुंबई इलाख्यात नव्हते. १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले. तत्त्व मात्र तेच राहिले: मद्य हा महसुलाचा विषय. आणि याच काळात, १८८० मध्ये, ग्लॅडस्टनने इंग्लंडमधील माल्टवरचा कर उठवून तो तयार बिअरवर बसवला. ब्रुअरला आपले जिन्नस निवडण्याची मोकळीक मिळाली. एका घरी सूट आणि दुसऱ्या घरी फुलांवरही पहारा. त्यापूर्वीच बर्टनच्या ब्रुअऱ्या हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी ‘इंडिया पेल एल’ जहाजांत भरून पाठवू लागल्या होत्या. आज तिकडच्या अनेक ब्रुअऱ्यांत ही ‘इंडिया’ची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, मोहाची गोष्ट अर्थातच तिच्यात नसते.

येथे एक सावधगिरी हवी. बिअर आंबवलेली असते, मोहाची दारू ऊर्ध्वपातनाने काढलेली. आणि विनापरवाना दारू गाळणे इंग्लंडमध्येही गुन्हाच होता. शिवाय दारूने संसार उद्ध्वस्त होतात हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, रेट्यामुळे. भट्टीचे गोडवे गाणे हा आमचा हेतू नाही. प्रश्न एवढाच, की एकाच्या मद्याला वारसा आणि दुसऱ्याच्या मद्याला गुन्हा हे नाव कोणी दिले?

हा प्रश्न आज निकडीचा आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वाइन चाखण्याच्या सहली रुळल्या. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्यप्रदेशाने मोहाच्या मद्याला वारशाचा दर्जा देण्याचे धोरण आखले. आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांची साठवण व वाहतूक यांवरचे निर्बंध सैल केले. उद्या मेळघाटातही मोहाच्या सहली निघतील. त्या वेळी गोष्ट कोण सांगणार? पहाटे फुले वेचणारी कोरकू बाई त्या गोष्टीची निवेदक असेल, की छायाचित्रापुरती मागे उभी केलेली आकृती? हुक नॉर्टनची कथा त्या गावाने स्वतः सांगितली. मोहाचा इतिहास आजवर अबकारीच्या कागदांनी सांगितला आहे. तो कोरकूच्या तोंडून नोंदवून घेण्याचे काम मराठीच्या विभागांना करता येण्याजोगे आहे, आणि ते सहली सुरू होण्याआधी व्हायला हवे.