एका अक्षराची सही

चारचौघांत बोलणं मला अजूनही जड जातं. लिहिणं मात्र कधीच गेलं नाही. म्हणूनच टोपणनावानं लिहिण्याची आपल्याकडची जुनी रीत मला जवळची वाटते. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं पत्रं येत. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत, आणि आपल्याच समाजाला खडे बोल सुनावणारे. नाव झाकणं ही त्यांची गरजच असावी.

कवी ‘बी’ यांचं तसं नव्हतं. वऱ्हाडात कारकुनी करणारे नारायण मुरलीधर गुप्ते स्वभावानंच प्रसिद्धीपासून लांब राहणारे. कविता मासिकांत छापून यायच्या, खाली सही एका अक्षराची. वाचक विचारत राहायचे, हा ‘बी’ कोण? ‘फुलांची ओंजळ’ हा पहिला संग्रह १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. सभा गाजवणाऱ्या आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. अबोल माणसाचं कोणी ऐकत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोचलेला ‘चाफा’ याच ‘बीं’चा आहे.