रोझवेल्ट : एका वलंदेजी आडनावाचे स्थलांतर

मराठीत ‘रूझवेल्ट’ असे रूढ झालेले आडनाव ज्या घराण्याचे आहे, त्या घराण्यात त्याचा उच्चार तसा होत नसे. अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतःच खुलासा केला होता की, आडनावाच्या पहिल्या भागाचा उच्चार ‘रोझ’ असा, गुलाबवाचक इंग्रजी शब्दाप्रमाणे करावा. डच लेखनात एकापुढे एक आलेले दोन ‘ओ’ दीर्घ ‘ओ’ दर्शवितात. इंग्रजी वाचकाने त्यांत ‘ऊ’ पाहिला आणि मराठीने इंग्रजीचे अनुकरण केले. एका स्वराच्या या स्थित्यंतरात त्या आडनावाच्या इतिहासाचे सूत्र सापडते. आडनाव धारण करणारे एक असतात, ते लिहून घेणारे आणि वाचणारे दुसरे असतात. आणि त्याचे रूप पुष्कळदा दुसऱ्यांच्या हातून ठरते.

शब्दाचा अर्थ सरळ आहे : गुलाबांचे शेत. मूळ रूपात त्याच्या आधी ‘फान’ हे पद येत असे. ‘फान’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. मराठीतील ‘कर’ या प्रत्ययाशी त्याचे नाते सहज जुळते. चिपळूणचा रहिवासी चिपळुणात असेपर्यंत त्याला ‘चिपळूणकर’ म्हणण्याचे विशेष प्रयोजन नसते. तो पुण्याला किंवा मुंबईला आला की त्या नावाला अर्थ येतो. स्थलवाचक आडनाव हे गावात राहिल्याचे नव्हे, तर गाव सोडल्याचे चिन्ह असते. ‘फान’ची कथाही हीच आहे.

सतराव्या शतकातील सामान्य डच माणसाची ओळख स्वतःचे नाव आणि पित्याचे नाव एवढ्यावर भागत असे. पित्याच्या नावाला ‘मुलगा’ या अर्थाचा प्रत्यय लागे आणि पुढल्या पिढीत तो भाग बदले. मराठी माणसाच्या नावातील मधले पद आजही हेच कार्य करते. शहरांतून आणि सधन कुटुंबांतून आडनावे स्थिर झाली होती. पण देशाच्या उत्तर व पूर्वेकडील ग्रामीण भागांत पितृनामाचीच पद्धत दीर्घकाळ टिकली. १८१० मध्ये हॉलंड फ्रेंच साम्राज्यात सामील करण्यात आले आणि १८११ मध्ये नेपोलियनच्या आज्ञेने प्रत्येकाला कायमचे आडनाव नोंदविणे भाग पडले. फ्रेंच अंमल टिकणार नाही अशा समजुतीने लोकांनी थट्टेने ‘नागडा जन्मलेला’ यासारखी नावे सांगितली, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. तथापि ते आडनाव आज्ञेच्या आधीपासूनच दप्तरांत आढळते.

मात्र समुद्र ओलांडून गेलेल्यांची आडनावे निराळ्या रीतीने घडली. त्या शतकात डचांच्या दोन कंपन्या दोन दिशांना व्यापार करीत होत्या. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या पूर्वेकडील कंपनीची एक वखार कोकणात वेंगुर्ल्याला होती, आणि मराठी कागदपत्रांतले ‘वलंदेज’ ते हेच. १६२१ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिमेकडील कंपनीने उत्तर अमेरिकेत मॅनहॅटन बेटावर न्यू ॲमस्टरडॅम वसविले. १६५० च्या सुमारास तेथे क्लास मार्टेनसेन फान रोझेनफेल्ट नावाचा एक शेतकरी दिसू लागतो. मार्टेनचा मुलगा क्लास, गुलाबशेताकडचा, एवढेच ते नाव सांगते. १६५० मध्ये त्याच्या पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा तेथील डच चर्चमध्ये नोंदला गेला. पुढे त्याने बेटाच्या मध्यभागी सुमारे ४८ एकर जमीन घेतली. आज त्याच परिसरात एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे. १६६० च्या आसपास तो आणि त्याची पत्नी दोघेही निवर्तले.

त्यांचा मुलगा निकोलस याचा बाप्तिस्मा १६५८ मधला. अगदी लहानपणीच तो पोरका झाला. १६६४ मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली आणि न्यू ॲमस्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. दप्तराची भाषा बदलू लागली, आणि पिढीगणिक बदलणाऱ्या पितृनामांच्या जागी स्थिर कुलनाम ही राज्यकारभाराची गरज झाली. निकोलसने ‘फान’ सोडला आणि ‘रूझवेल्ट’ हे लेखन स्वीकारले. हा केवळ लेखनभेद नव्हे. बापाच्या नावात ‘अमुक ठिकाणचा’ असे सांगणारे पद होते, कारण त्याला ते ठिकाण आठवत होते. मुलाने ते शेत कधी पाहिलेच नव्हते. ‘फान’ गळून पडला तेव्हा स्थलनामाचे कुलनाम झाले. निकोलसच्या योहानेस आणि याकोबस या दोन मुलांपासून दोन शाखा निघाल्या. पहिलीत थिओडोर जन्मले, दुसरीत बत्तिसावे अध्यक्ष फ्रँकलिन. थिओडोर यांची पुतणी एलेनॉर हिचा विवाह १९०५ मध्ये फ्रँकलिन यांच्याशी झाला, आणि माहेरचे व सासरचे आडनाव एकच असण्याचा योग तिच्या वाट्याला आला.

आडनाव टिकले, भाषा मात्र टिकली नाही. १९१३ च्या आत्मचरित्रात थिओडोर यांनी आपल्या मूळपुरुषाविषयी मिस्कीलपणे लिहिले आहे. त्याला वसाहतकार म्हटले जाते, पण तो शिडाच्या जहाजाच्या तळाशी बसून आलेला स्थलांतरितच होता, आणि एकोणिसाव्या शतकात आगबोटीच्या तळाशी बसून येणाऱ्यांहून वेगळा नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. घरातली डच त्यांच्या पिढीपर्यंत एका बालगीतापुरती उरली होती. पुढे आफ्रिकेत गेले असता त्यांनी ते बोअर शेतकऱ्यांना म्हणून दाखविले, तेव्हा त्यांच्याही घरांत तेच गीत मुलांसाठी गायले जात असल्याचे आढळले. केपची डच वसाहत १६५२ मधली, म्हणजे क्लासच्या काळातलीच. एकाच किनाऱ्यावरून निघालेल्या दोन प्रवाहांची खूण आडनावात नव्हे, आईच्या गाण्यात शिल्लक राहिली होती.

क्लास नेमका कोठला, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांनी शोधले. झेलंड प्रांतातील थोलेन बेटावर याच नावाची शेतजमीन आणि याच नावाचे जुने घराणे होते. त्यावरून त्या बेटाला मूळगावाचा मान दिला जातो. पण दोहोंना जोडणारी निर्विवाद नोंद नाही. तरीही १९८२ पासून त्या प्रांताच्या राजधानीत, मिडेलबर्ग येथे, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या चार स्वातंत्र्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात. मूळगाव सिद्ध होण्याआधीच गावाने आपला माणूस स्वीकारला.

याच प्रश्नाचा एक काळा अध्यायही आहे. १९३० नंतरच्या दशकात ज्यूद्वेषी प्रचारकांनी ‘रोझेनफेल्ट’ या रूपाचे ‘रोझेनफेल्ड’ या ज्यू आडनावाशी असलेले ध्वनिसाम्य पुढे करून फ्रँकलिन यांच्या वंशाविषयी कुजबुज सुरू केली. आडनाव आता आरोपपत्र झाले होते. १९३५ मध्ये एका ज्यू संपादकाने थेट विचारणा केली, तेव्हा अध्यक्षांनी उत्तरात आपली वंशावळ पुराव्यादाखल मांडली नाही. क्लासच्या पलीकडचे आपणास काही ठाऊक नाही; ते पूर्वज ज्यू, कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट कोणीही असू शकतील; ते चांगले नागरिक आणि ईश्वरावर श्रद्धा ठेवणारे होते का, एवढेच आपल्याला महत्त्वाचे वाटते, असा त्या पत्राचा भावार्थ होता. आरोप नाकारणे सोपे होते; पण नाकारण्यात आरोपामागची दृष्टी मान्य झाली असती. १९३८ मध्ये, कुलाभिमानी स्त्रियांच्या एका संस्थेपुढे बोलताना, तुम्ही आणि मी विशेषेकरून स्थलांतरितांचे आणि क्रांतिकारकांचे वंशज आहोत, याचे त्यांनी स्मरण दिले.

पण नावाचा इतिहास जाणणे आणि त्याला जागणे या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ हे जहाज नऊशेंहून अधिक प्रवासी, बहुतेक जर्मनीतून निघालेले ज्यू, घेऊन क्यूबाला आले. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिले नाही. जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून गेले, तरी तेथेही त्यांना आश्रय मिळाला नाही, आणि त्या वेळी अध्यक्षस्थानी क्लासचाच वंशज होता. जहाज युरोपकडे परतले. इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले. १८१ जण क्लासच्या मायदेशी उतरले. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य तेथेही पोचले, आणि त्या जहाजावरील दोनशेंहून अधिक माणसे पुढे नाझींच्या संहारात मारली गेली.

‘फान’ हा शब्द माणूस कोठून आला एवढेच सांगतो. त्याला कोठे उतरू दिले गेले, हे त्याच्या आडनावात लिहिलेले नसते. क्लासला एका बेटावर ४८ एकर जमीन मिळाली, म्हणूनच त्याच्या आडनावाला इतिहास लाभला.