१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी पूर्णांक. १११११११११ (नऊ एक) या संख्येचा वर्ग. उलट वाचली तरी ही संख्या तीच राहते. ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे पहिला १ ‘मध्य’ स्थानी आणि मधला ९ ‘अर्बुद’ स्थानी पडतो; परार्धाला एकच स्थान कमी.

गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या ‘डेम्लो’ संख्यांत हिची गणना होते. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, जी.आय.पी. रेल्वेच्या या स्थानकावर कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास सुचला. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी तो चालवला, आणि १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यावरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डेम्लो संख्येच्या मधल्या भागात एकच अंक असतो किंवा तोच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि डावा व उजवा भाग मिळवले की बेरजेतही सगळीकडे तोच अंक दिसतो. २५५३ मध्ये २ + ३ = ५. प्रस्तुत संख्येत मध्ये ९ आहे, आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. एकांच्या वर्गांतून मिळणाऱ्या १, १२१, १२३२१ अशा संख्यांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले.

अंकांचा हा चढउतार का येतो, हे गुणाकार मांडला की दिसते. नऊ एकांच्या नऊ ओळी प्रत्येकी एक घर डावीकडे सरकवून लिहिल्या, तर उभ्या स्तंभांत १, २, ३ असे ९ पर्यंत आणि मग उतरत्या क्रमाने एक जमतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एकांच्या वर्गात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा पुढे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१, सममिती मोडते.

मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७². एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला निःशेष भागही जातो.

तिचे सर्वांत सुंदर रूप मात्र १२३४५६७९ × ९९९९९९९९९ हे आहे. पहिल्या गुणकात ८ नाही, आणि त्याची ९ पट म्हणजेच नऊ एक. संख्या ९९९९९९९९९ च्या पटीत असल्याने उजवीकडून नऊ अंक तोडून दोन्ही तुकडे मिळवले, तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ मिळतात. अंकांच्या बेरजेवरून ९ ची विभाज्यता तपासतात, तीच ही कसोटी. फक्त एकेका अंकाऐवजी नऊ-नऊ अंकांचे गट घ्यायचे.

संख्येला ८१ ने गुणले की ९९९९९९९९९ चा वर्ग येतो: ९९९९९९९९८००००००००१. त्याचे तुकडे ९९९९९९९९८ आणि ००००००००१ मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९. वर्गाच्या तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी येणाऱ्या अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. शाळामास्तरांच्या वहीतले दोन वेगळे शोध इथे एकाच गुणाकारात भेटतात, आणि म्हणून ही संख्या निव्वळ करमणुकीच्या गणितात ढकलणे अन्यायाचे आहे.

या कुळाची ओळख आपल्याकडे जुनी आहे. नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही सहा एकांच्या वर्गाची संख्या दिली असून, एकापासून सहापर्यंत चढत जाऊन क्रमाने उतरणारी असे तिचे वर्णन केले आहे. नऊ एकांची मर्यादा दशमान पद्धतीपुरती आहे; बारा हा पाया घेतला, तर अकरा एकांच्या वर्गापर्यंत सममिती टिकते.