कसबा येथील महमूद बे मशीद : ‘ग्रामीण’ या विशेषणाचा विचार

उस्मानी तुर्कांच्या मशिदींचा विषय निघाला की इस्तंबूलचे दगडी घुमट प्रथम आठवतात, आणि खेड्यापाड्यांतील लाकडी मशिदींची बोळवण ‘ग्रामीण कला’ या सदरात होते. हे वर्गीकरण कितपत टिकते, हे पाहण्यास उत्तर अनातोलियातील महमूद बे मशीद हे चांगले उदाहरण होय.

कास्तामोनु शहराच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवरील एका खेड्यात ही मशीद आहे. जांदार घराण्यातील महमूद बे याने ती हिजरी ७६८ (इ. स. १३६६) मध्ये बांधविली. १४६१ मध्ये दुसऱ्या मेहमेदने हा मुलूख उस्मानी राज्यास जोडला, तेव्हा तिला जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती. पुढे उस्मानी अमलातही ती नांदती राहिली.

बाहेरून पाहता ओबडधोबड दगडांच्या भिंती आणि उतरते छप्पर, एवढेच दिसते. आत मात्र सारा कारभार लाकडाचा. चार खांबांनी दालनाचे तीन खण पाडले असून मधला खण अधिक रुंद व उंच आहे. खांबांची शीर्षे, तुळया, छत आणि उत्तरेकडील सज्जे यांवर तांबड्या, निळ्या, पिवळ्या रंगांत वेलबुट्टी व भौमितिक आकृती काढलेल्या आहेत. सांधे एकमेकांत बसविलेले असल्याने लोक तिला ‘बिनखिळ्यांची मशीद’ म्हणतात.

या वास्तूची परिभाषा मराठी वाचकास अगदीच परकी नाही. मिहराब म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखविणारा कोनाडा. आपली ‘महिरप’ त्याच शब्दापासून आली. सज्जास तुर्की भाषेत ‘महफिल’ म्हणतात. आपल्याकडे तोच शब्द ‘मैफल’ होऊन गाण्याच्या बैठकीस लागला. रंगकामास तेथे ‘कलम-इशी’, म्हणजे कलमाचे काम, अशी संज्ञा आहे. ‘कलमकारी’ तिची भावंड शोभते.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलका शब्द म्हणजे त्या खेड्याचे नावच : ‘कसबा’. मराठीत कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य गाव. तुर्कीतही तो शब्द लहान शहरास लावतात. खेड्यास शहराचे नाव असणे हे पूर्वीच्या प्रतिष्ठेचे चिन्ह असू शकते. केवळ स्थलनामावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि येथे दुसरा पुरावा त्यास दुजोरा देतो. मशिदीचे कोरीव दार अब्दुल्ला बिन महमूद या नक्काशाचे आहे. कास्तामोनु शहरातील इब्न नज्जार मशिदीचे दारही त्याचेच. म्हणजे शहरात काम करणारा नामांकित कारागीर राजाश्रयाने येथे आला होता. ‘लोककला’ म्हटले की कर्ता अनामिक मानला जातो. येथे तर कर्त्याचे नाव ज्ञात आहे.

यावरून खेड्यातील प्रत्येक मशिदीमागे राजाश्रय होता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. निष्कर्ष एवढाच की, आज वास्तू जेथे उभी आहे त्यावरून तिच्या कलेची जात ठरवू नये. जिला आपण गावठी समजतो तिची डागडुजीही गावठी रीतीने होते, आणि जुना रंग नव्या रंगाखाली कायमचा जातो. महमूद बे मशिदीचे मूळ दार कास्तामोनुच्या संग्रहालयात सुरक्षित असून जागेवर त्याची प्रतिकृती आहे. २०२३ मध्ये अनातोलियातील अन्य चार लाकडी मशिदींसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. ज्यांच्या कर्त्याचे नाव उरलेले नाही, त्या मशिदींकडेही याच दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.