घोडा परत आला, स्वार नाही

ट्रामची घंटा खणखणते आणि तुम्ही झटकन बाजूला होता. साल 1879. ट्राम ओढणारे घोडे घामाने निथळताहेत आणि ऊन लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर चक्क टोप्या चढवल्या आहेत. पण रस्त्यावरची माणसं या टोपीवाल्या घोड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. सगळ्यांच्या माना वर आहेत, नव्याकोऱ्या चौथऱ्यावरच्या काळपट ब्राँझच्या घोड्याकडे. त्यावर बसलाय इंग्लंडचा युवराज एडवर्ड. 1875 साली तो मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या बगदादी ज्यू घराण्यातल्या शेठजींनी लंडनच्या बोएम या शिल्पकाराकडून हा पुतळा घडवून घेतला आणि शहराला भेट दिला. समोरच्या वाचनालयावर त्यांच्या वडिलांचं, डेव्हिड ससून यांचं नाव आहे. कुलाब्याची ससून गोदीही आल्बर्ट शेठचीच, चार वर्षांपूर्वी सुरू झालेली.

तुमच्या शेजारी एक पाटीवाला उभा आहे. स्वार कोण, कुठला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ‘काळ्या घोड्यापाशी’ त्याला माल उतरवायचाय, बस्स.

सतरा वर्षं पुढे या आणि तारऑफिसाकडे चाला. नक्षीदार दगडी छत्रीखाली संगमरवरी व्हिक्टोरिया राणी बसलेली आहे. मॅथ्यू नोबलचं काम, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेलं. आज तिच्याभोवती पोलीस आहेत. राणीच्या तोंडाला डांबर फासलंय आणि गळ्यात जोड्यांची माळ आहे. हे कुणी केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण 1896 सालच्या या सकाळी दामोदर चापेकरांचं नाव मोठ्याने घेण्यात शहाणपण नाही. डांबर काही केल्या निघत नाही. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर तो डाग घालवतील आणि त्यासाठी नावाजले जातील. मला विचाराल तर मुंबईतल्या सार्वजनिक शिल्पांची पहिली जळजळीत समीक्षा ही अशी, रातोरात, सही न करता लिहिली गेली.

पुतळे देणारे शेठजी आणि राजेरजवाडे. बघणाऱ्यांनी फक्त मान वर करायची. मग रस्त्यावर स्वतःचं काही मांडायची सोय मुंबईकराला होती कुठे? त्यासाठी तीन वर्षं मागे, गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत डोकवा. 1893. सार्वजनिक गणपती बसलाय. अजून भव्य मंडप नाहीत की हलते देखावे नाहीत, पण रीत पडली आहे: वर्गणी काढायची, काही दिवस सगळ्यांसाठी मांडून ठेवायचं, मग पाण्यात सोडून द्यायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने करायचं. या शहराचं दरवर्षीचं खुलं प्रदर्शन इथे सुरू झालं असं मी मानतो. कलासमीक्षकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, तो त्यांचा प्रश्न.

आता 1965. घोड्याच्या अंगाला दोर बांधलेत. गोऱ्या साहेबांचे पुतळे शहरातून हलवायचं ठरलंय, आणि युवराजाची, एव्हाना होऊन गेलेल्या सातव्या एडवर्ड बादशहाची, रवानगी भायखळ्याला राणीच्या बागेत झाली आहे. तिथे घारापुरीचा दगडी हत्ती आधीच येऊन थांबलाय, म्हणजे सोबत बरी आहे. रिकाम्या जागेचं पुढे काय झालं? वाहनतळ! घोडा गेला, मोटारी आल्या. तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बरोबर इथेच आणून सोडतो.

वाहनतळापासून हाकेच्या अंतरावर 1952 पासून जहांगीर कलादालन आहे. आत भिंत मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, आणि काही जण बाहेर फुटपाथवरच आपली चित्रं टांगतात. तिथे जरा थांबा. एक चित्रकार कॅनव्हासवरची धूळ फडक्याने झटकतोय, आडोशाला डबा उघडून पोळीभाजी खातोय आणि गिऱ्हाईकाला किंमत सांगताना आधी त्याच्या पायातले बूट बघून घेतोय. इथला काळा घोडा कला महोत्सव सुरू व्हायच्या आधीपासून आणि संपल्यानंतरही रस्त्यावरची कला टिकवून धरणारा हा माणूस. उद्घाटनाच्या दिव्याजवळ तो तुम्हाला दिसणार नाही.

महोत्सव सुरू झाला 1999 साली. महोत्सवाचे दिवस, आणि रॅम्पार्ट रो, म्हणजे कागदोपत्री के. दुबाश मार्ग, गाड्यांना बंद. जिथे मोटारी लागायच्या तिथे मांडणशिल्पं, कुंभाराची चाकं, नाच-गाणी. तिकीट नाही. मराठी-इंग्रजी-हिंदी सगळी एकमेकांच्या पायावर पाय देत चाललीत. पुढच्या वर्षांतून भरभर चाला, तिथे गर्दीच गर्दी आहे. मांडणशिल्पासाठी वीस मिनिटं रांग, त्याच्याकडे पाठ करून फोटो, की निघाले पुढच्या रांगेत. रागवावं असं वाटतं खरं, पण कलादालनाच्या दारातून आत जायला बिचकणारी माणसंही याच रांगेत आहेत.

2017 मध्ये घोडा परत आलेला दिसतो. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची कल्पना, श्रीहरी भोसले यांचं शिल्प. खोगिरावर कुणी नाही, खरं तर खोगीरच नाही. नव्या स्वारासाठी मुंबईत भांडणं लागली असती, तेव्हा हे शहाणपणच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कुलाब्याला जा. आल्बर्ट शेठच्या गोदीत, जुन्या गोदामांमध्ये प्रदर्शन भरलंय. सुकटीचा वास नाकात शिरतो, बर्फाचं पाणी चपलेत जातं. भिंतींवर कागदावर छापलेले मोठाले काळेपांढरे चेहरे डकवलेत, सगळे इथेच राबणाऱ्या माणसांचे. तुम्ही मोबाइल काढता, मागे सरकता, चौकट जुळवता. तेवढ्यात कोळंबी सोलत बसलेली एक मावशी मान वर न करता विचारते, “फोटो झाला ना? मंग कोलंबी घ्या, ताजी हाय.”