उंबरठ्याबाहेर सांडणारं घर

पेशवाईतल्या वाड्यांची टिपणं काढताना माझी नजर आधी दरवाजांवर जाते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींच्या धडका थोपवायला अणकुचीदार खिळे आहेत. तरीही ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला, तो चाकरीतल्याच गारद्यांकडून. दार किती भक्कम, यापेक्षा आत कोणाला वाव आहे हा प्रश्न मोठा. २००८ साली तो वेगळ्याच रूपात पुढं आला.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटमालिका सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल पोचली. माग निघाला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथं राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थाची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. त्याचं वायफाय उघडं होतं आणि त्याच्या नकळत भलत्यानंच ते वापरलं होतं. बाहेरच्या जगाला दिसतो तो जोडणीचा पत्ता. त्यामागचा माणूस दिसत नाही. पुढं त्याच्यावरचा संशय फिटला, पण दरम्यानचे दिवस त्यालाच काढावे लागले. ऑगस्टमधली मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांवेळची चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेली.

ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी जे पकडले, त्यांत पुण्यात राहणारे संगणक जाणणारे तरुण होते. आम्हा पुणेकरांना ते जिव्हारी लागलं. जानेवारी २००९ मध्ये पोलीस उपकरणं घेऊन उघडी नेटवर्क शोधत मुंबईत फिरू लागले. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं सेवा पुरवठादारांना वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या.

कुलपांचाही इतिहास आहे. पहिलं कुलूप 'वेप'. त्यातली खोट फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्ये दाखवली. २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-टू', २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-थ्री' आलं. म्हणजे २००८ साली चांगलं कुलूप बाजारात होतं. ते लावायची सवय मात्र नव्हती.

माझ्याही घरी नव्हती. ती बातमी वाचून मी आमचा राउटर उघडून पाहिला. त्यात शिरायचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, आणि वायफायला तर कुलूपच नाही. खालच्या पायरीवर बसून शेजारचा मुलगा आमच्याच जोडणीवर सिनेमे उतरवत असे, हे मला तेव्हा कळलं. त्याला रागावलो नाही; दार मीच उघडं टाकलं होतं.

त्या संध्याकाळी लांबलचक पासवर्ड घातला, राउटरचा वेगळा ठेवला. आता पाहुण्यांसाठी निराळं नेटवर्क आहे, आणि राउटरची आज्ञावली अद्ययावत आहे ना, हे दर दिवाळीच्या साफसफाईत पाहतो. शेजारच्या मुलाला पाहुण्यांचा पासवर्ड दिला आहे. तो आता कडी वाजवून येतो.