मराठी साहित्यातील अवर्षण आणि बदलते ऋतुमान

अवर्षण हा मराठी साहित्याचा फार जुना विषय आहे. १६३०-३१ च्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख त्यांनी स्वतःच अभंगांत नोंदविले. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त माणदेशातील धनगरांची वस्ती दुष्काळापायी ओस पडते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. तीत शेतकऱ्याच्या सुशिक्षित मुलाची कोंडी केवळ आभाळ करीत नाही. बाजार आणि कर्ज हेही तीत सामील आहेत.

गंभीर कादंबरीने हवामानाच्या संकटाकडे पाठ फिरविली, अशी तक्रार अमिताव घोष यांनी २०१६ साली ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या ग्रंथात केली. मराठीला ती पूर्णतः लागू पडत नाही. मात्र आम्हांस ती सर्वस्वी नाकारताही येत नाही. कारण आमच्या जुन्या वाङ्मयात दुष्काळ कितीही क्रूर असला तरी तो नियमाला अपवाद होता. तो नियम दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथात महिन्यामागून महिना उलगडत जातो. आज अपवाद वाढले आहेत आणि नियमच डळमळू लागला आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस दडी मारतो आणि मग एकाएकी कोसळतो.

याचा प्रत्यय घेण्यास गावी जावयास नको. जुलै २०२३ मध्ये या चंदीगडात २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि १९५८ साली निर्माण केलेल्या सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले.

मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रे आम्ही शेताच्या बांधावर शिकलो. येथे जन्मलेली आमची मुले ती भिंतीवरच्या कालदर्शिकेत पाहतात. त्यांच्यासाठी ही पुस्तके केवळ रंजनाची नव्हेत. महाराष्ट्राचे ऋतुमान एके काळी कसे होते, याची ती साक्ष आहेत. त्या साक्षीवाचून काय बदलले हे पुढच्या पिढीस उमगणार नाही. म्हणून मंडळाच्या ग्रंथसंग्रहात ती असावीत, नव्हे, घरोघरी मोठ्याने वाचली जावीत.